समोरच्या कारखान्यातली माणसं

लूमच्या कारखान्यात कुणाला काही विचारायचं असेल, तर त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. मी भिवंडीत जन्मले, इथेच शिकले, लग्नानंतरही इथेच राहिले आणि अठरा वर्षं इथल्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. तरी ही साधी गोष्ट मला पंचेचाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हती. आमच्या घरातली माणसं कारकुनीतली नाहीतर मास्तरकीतली. लूमचा आवाज आमच्यासाठी भिंतीपलीकडचा. तो थांबला की लाइट गेली असं समजायचं, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध.

तो संबंध वाढला एका फोनमुळे. एम.ए.ला मला शिकवलेले सर मुंबईत संशोधनाचे प्रकल्प चालवायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर त्यांचा फोन आला. काही वर्षांपूर्वी सरकारनं एका प्रयोगशाळेला संशोधनासाठी पैसे दिले होते. त्यातून तिथल्या लोकांनी साध्या पॉवरलूमला बसवता येईल असं एक छोटं यंत्र तयार केलं. ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला की लूम आपोआप थांबते. नाहीतर कारीगराचं लक्ष जाईपर्यंत लूम तशीच विणत राहते, कापडात चीर पडते आणि तेवढा माल खराब निघतो. ही यंत्रं भिवंडीतल्या काही कारखान्यांत बसवून झाली होती.

"आता सरकार विचारतंय की आमच्या पैशांचं पुढे काय झालं," सर म्हणाले. "शोधनिबंध किती छापले ते नकोय त्यांना. धंदा वाढला का, माणसांना काम मिळालं का, ते हवंय. गाव तुझं आहे. तू कर."

"सर, मी जन्मात कधी लूमच्या कारखान्यात पाय ठेवलेला नाही."

"मग आता ठेव," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी नऊ पानांची प्रश्नावली पाठवून दिली.

माझ्या जोडीला एक मुलगी मिळाली. मुलगी म्हणजे माझ्याच हाताखालून पदवी घेऊन बाहेर पडलेली, पंचविशीतली, शहरातल्याच मुसलमान घरातली. तिचे वडील पूर्वी लूमवर मिस्त्री होते, त्यामुळे तिला मशीनची नावं यायची आणि कुणाशी मराठीत बोलायचं, कुणाशी हिंदीत, हे तोंड उघडायच्या आधीच कळायचं. मला ती मॅडम म्हणायची, पण पहिल्या आठवड्यात शिक्षिका ती होती आणि विद्यार्थिनी मी.

आम्ही भिवंडीतल्याच कामतघरपासून सुरुवात केली. पहिल्या कारखान्यात मी दारात उभी राहिले आणि परत फिरावंसं वाटलं. आवाज कानात शिरत नव्हता, छातीत शिरत होता. हवेत कापसाची बारीक लव तरंगत होती. मी हातातली नऊ पानं उघडून एका कारीगराला विचारलं, "आपके यहाँ उत्पादकता में कितनी वृद्धि हुई?" त्यानं माझ्याकडे अशा काळजीनं बघितलं, की मला बरं नाही असं त्याला वाटलं असावं. माझ्या जोडीदारणीनं मला हलकेच बाजूला केलं, त्याच्या कानाशी वाकली आणि ओरडली, "चाचा, डब्बा लगने के बाद कपड़ा अच्छा निकलता है क्या?"

"हाँ!" तो ओरडला. "दाग कम आता है!" दाग म्हणजे कापडातला दोष, हे मला नंतर कळलं.

त्या यंत्राला सगळेजण डबाच म्हणत. मीही त्याच दिवसापासून डबा म्हणायला लागले. संध्याकाळी घरी गेले तेव्हा केसांत इतकी लव होती की घरच्यांना मी एका दिवसात म्हातारी होऊन आल्यासारखी वाटले.

पुढचे दोन महिने आम्ही रिक्षानं आणि पायी हिंडलो. मालकांना आधी वाटायचं आम्ही वीज कंपनीच्या आहोत, मग वाटायचं कराच्या आहोत. कॉलेजातल्या बाई आहेत म्हटल्यावर खुर्ची पुढे यायची आणि चहा यायचा. नऊ पानांची दोन पानं आम्ही केव्हा केली ते सरांना कळवलंच नाही. आम्ही एवढंच विचारायचो: डबा बसवायच्या आधी किती लूम चालू होत्या, आता किती आहेत, आधी किती माणसं कामाला होती, आता किती आहेत आणि नवी कोण आली. यादी सरांच्या ऑफिसातून आली होती. तिच्यात डबा घेतलेले कारखाने होते आणि तुलनेसाठी डबा न घेतलेले काही.

मनात एक धाकधूक होती. लूम आपोआप थांबते म्हटल्यावर एक कारीगर आधीपेक्षा जास्त लूम सांभाळू शकतो. म्हणजे माणसं कमी झाली असणार. सरकारी पैशातून संशोधन झालं आणि त्यानं माणसांना घरी बसवलं, असं लिहायची वेळ माझ्यावर आली तर? पण जसजशी पानं भरत गेली तसतसं उलटंच दिसायला लागलं. माल चांगला निघतो म्हणून व्यापारी सतत काम द्यायचा, आणि काम आहे म्हणून मालक कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या लूम पुन्हा चालू करायचा. त्या चालवायला माणसं लागायची. डबा घेतलेल्या बहुतेक कारखान्यांत माणसं वाढली होती. डबा न घेतलेल्यांत होती तेवढीच होती, नाहीतर एखाददुसरं कमी.

मी तक्ता करून पाठवला तेव्हा सरांचा लगेच फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"याला म्हणतात परिणाम," ते म्हणाले. "अहवालाचा मसुदा मी पुढे पाठवतोय. तीन आठवड्यांनी मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांसमोर मांडायचाय. तू यायचंस, तूच मांडायचंस."

प्रयोगशाळेतल्या एका शास्त्रज्ञानंही फोन केला. चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस. डबे बसवताना तो महिनाभर भिवंडीत येऊन लूमखाली उताणा पडून काम करायचा, असं कारीगर आम्हाला कौतुकानं सांगायचे. तो म्हणाला, "आमचे पैसे या वर्षी संपतायत. तुमच्या आकड्यामुळे कदाचित पुढची दोन वर्षं मिळतील. माझ्याबरोबर सहा जण आहेत कामाला. थँक यू हं, मॅडम." मी तो दिवस हवेत काढला. मी केलेल्या कशावर तरी काही ठरणार होतं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

चौथ्या दिवशी मी कामतघरला एकटीच गेले. एका कारखान्याच्या संमतीपत्रावर मालकाची सही राहिली होती, तेवढीच घ्यायची होती. मालक बाहेर गेलेला, येईल म्हणाले. दुपारची जेवणाची वेळ होती. एक कारीगर बाहेर ओट्यावर बसून डबा उघडत होता, खरा जेवणाचा डबा. पन्नाशीचा असेल, उत्तर प्रदेशातला. आमच्या पानावर त्याची नोंद होती: डबा बसवल्यानंतर वाढलेल्या चार माणसांपैकी तो एक. मी शेजारी टेकले. बोलायला काही नव्हतं म्हणून सहज विचारलं, "चाचा, इससे पहले कहाँ काम करते थे?"

त्यानं भाकरीचा तुकडा धरलेल्या हातानंच गल्लीपलीकडे दाखवलं.

"वो सामने।"

समोर एक लांबट गाळा होता. शटर अर्धं उघडं, आत खाकी खोके छतापर्यंत रचलेले.

"वो तो गोदाम है," मी म्हणाले.

"अभी गोदाम है। पहले कारख़ाना था। हम चारों उधर ही थे, मैडम। बीस क़दम चलके इधर आ गये।" आणि तो हसला. त्याच्या दृष्टीनं ती गंमतच होती.

मला हसता आलं नाही. मी त्या गाळ्याकडे बघत राहिले. माझ्या तक्त्यात हा कारखाना होता आणि त्याच्यापुढे अधिक चार लिहिलेलं होतं. समोरचा कारखाना तक्त्यात नव्हताच. कारण यादी केली तेव्हा जे कारखाने चालू होते त्यांचीच यादी झाली होती. बंद पडलेला कारखाना यादीत कसा येणार? इकडे वाढलेली चार माणसं आम्ही मोजली, तिकडे कमी झालेली मोजलीच नाहीत. चार माणसं गल्ली ओलांडून आली होती आणि मी लिहिलं होतं की नवीन काम तयार झालं.

आणि हे एकाच गल्लीत झालं असेल असं मानायला काही आधार नव्हता.

सही न घेताच मी निघाले. रिक्षा करायचं सुचलं नाही, घरापर्यंत चालत गेले. वाटेत प्रत्येक अर्ध्या उघड्या शटरच्या आत बघत होते. कुठे खोके, कुठे ताके, कुठे लूम. अठरा वर्षं मी मुलांना शिकवत होते की एका ठिकाणची वाढ दिसली की ती दुसरीकडून सरकून आली आहे का ते आधी बघा. परीक्षेत त्यावर प्रश्नही काढला होता. स्वतःच्या गल्लीत आल्यावर मात्र तेच विसरले.

आता कबूल करायला हवं की मी लगेच कुणाला सांगितलं नाही. तीन दिवस गप्प राहिले. मनाला समजावण्यासारखं पुष्कळ होतं. मसुदा पुढे गेलाय. यादी मी केली नव्हती. डबा चांगलाच आहे, तो कारीगरांनाही हवाय. त्या शास्त्रज्ञाबरोबरची सहा माणसं. त्यांचं कामही कामच ना? आणि कोण जाणार होतं त्या गल्लीत बघायला? या सगळ्यात एक क्षुद्र विचारही होता: मला त्या अधिकाऱ्यांसमोर उभं राहून तो चांगला आकडा सांगायचा होता. जेवणाचा डबा कॉलेजातून तसाच परत यायचा. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिले की कुणीतरी मागून विचारेल असं वाटायचं.

चौथ्या दिवशी मी जोडीदारणीला कॉलेजच्या कँटीनमध्ये बोलावलं आणि सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही इतक्या घाबरल्यात कशाला? आपण खोटं लिहिलं नाही. आपण अर्धंच बघितलं. उरलेलं अर्धं बघू या."

इतकं सरळ. मला तिचा थोडा रागच आला, आणि त्याच क्षणी हायसंही वाटलं.

सरांना फोन केला. त्यांनी मधेच तोडलं नाही, ते आणखी वाईट. शेवटी म्हणाले, "हे दोन महिन्यांपूर्वी का नाही सुचलं?"

"नाही सुचलं, सर."

"मसुदा गेलाय, कळतंय ना तुला?" आणि फोन ठेवला.

मी मोबाइल हातात धरून पलंगाच्या कडेला बसून राहिले. तासाभरानं त्यांचाच फोन आला. आवाज वेगळा होता, थकलेला पण मऊ.

"यादी मी केली होती," ते म्हणाले. "चालू कारखान्यांचीच यादी केली, तिथेच चुकलं. ते मलाच सुचायला हवं होतं. मी कळवलंय त्यांना, की आधीचा मसुदा बाजूला ठेवा. किती दिवस लागतील?"

"दोन आठवडे द्या."

"दोन आठवडेच आहेत," ते म्हणाले.

ज्यांना मोजायचं ते कारखानेच जागेवर नसताना त्यांना शोधायचं कसं, याची कुठलीही रीत पुस्तकात नव्हती. ती आम्हाला चहावाल्यांनी दिली. प्रत्येक गल्लीतल्या चहावाल्याला पाठ असतं की कुठल्या दारात किती कटिंग जायच्या आणि कधीपासून जायच्या बंद झाल्या. आम्ही डबा असलेल्या प्रत्येक कारखान्याच्या आजूबाजूला विचारत हिंडलो: इथे काय होतं? कधी बंद झालं? माणसं कुठे गेली? आणि आत जाऊन प्रत्येक नव्या कारीगराला तो एकच प्रश्न: पहले कहाँ थे?

उत्तरं सारखी नव्हती. एका गल्लीत मालकानं शेजारच्या चालू कारखान्यातून तीन कारीगर जास्त मजुरीवर ओढून आणले होते, आणि शेजाऱ्याच्या निम्म्या लूम त्यामुळे थांबल्या होत्या. ते तिघं मी ताबडतोब वजा केले. लिहिताना पेन जोरात दाबलं गेलं. काही जण गावाहून नव्यानं आलेले होते, ते राहिले. एक जण आधी गोदामात पार्सल उचलायचा आणि पाठ दुखते म्हणून लूमवर परत आला होता. त्याला कुठे घालायचं यावर आम्ही दोघी रिक्षात अर्धा तास वाद घालत होतो. शेवटी रिक्षावाला म्हणाला, "लिख दो ना मैडम, ख़ुश है।"

कामतघरच्या त्या समोरच्या गाळ्याचा मालक जवळच्या शेलार गावात राहतो असं कळलं. आम्ही तिकडे गेलो. घर मोठं, नवं, पुढे मोकळं अंगण. पूर्वी यांची शेती, मग जमिनीवर लूम, आता लूमच्या जागी गोदामं. शेठ सत्तरीचे होते, अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी जरा चाचरतच विचारलं, "समोरच्या कारखान्यात नवीन यंत्र आलं, त्यामुळे तुमची माणसं तिकडे गेली आणि तुम्हाला बंद करावं लागलं, असं झालं का?"

"कोन बोलला तुमाला?" त्यांनी मान वर केली. "तसा काय न्हाय झाला. ताई, आमी कारखाना बंद केला गनपतीत. त्याचा तो डबा आला दिवालीनंतर. मंग त्याचा न् आमचा काय संबंध?"

माझी जोडीदारीण वही उघडून थांबली. मी विचारलं, "नक्की गणपतीत?"

"नक्की म्हंजे? गौरी जेवल्या न् दुसऱ्या दिसाला मी लूम भंगारात दिल्या. पोरा म्हनली, बाबा, आता पुरे. माज्या डोल्याला पानी आला, तवा कसा इसरन?" ते थोडं थांबले. "माझी चार मानसा नुसती बसून होती. दोन महिने. गावाला जातो म्हनत होती. मीच त्या समोरच्याला बोललो, तुजा काम वाढला हाय, तर यांना घे. चांगली मानसा हायेत, पंधरा वरसा माज्याकडं होती. त्यानं घेतली."

"म्हणजे डबा आला नसता, तर?"

"तर गेली असती गावाला," ते म्हणाले. "दुसरा काय व्हनार?"

शेठांच्या सुनेनं पाणी आणून दिलं. मी ते एका दमात प्यायले. खरं सांगायचं तर मला त्या म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. माझा आकडा वाचला म्हणून नाही. तो वाचला नव्हताच. त्या चारांना नवीन काम म्हणणं चूक होतं, ते चूकच राहिलं. पण ते खोटंही नव्हतं. बंद पडणाऱ्या कारखान्यातली माणसं गावी परत गेली असती, ती समोरच्या दारात शिरली. त्या दाराला ती माणसं लागली, कारण आत पडून राहिलेल्या लूम चालू झाल्या होत्या. या गोष्टीला आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता.

रिक्षात बसल्यावर मी जोडीदारणीला म्हटलं, "आपण एक रकाना वाढवू या. नवीन काम वेगळं आणि टिकलेलं काम वेगळं."

"आणि सरकलेलं?" ती म्हणाली.

"तेही वेगळं. ते कुठेच मिळवायचं नाही."

त्या रकान्यांनी आमचे उरलेले दिवस खाल्ले. कोण कधी बंद झालं आणि डबा कधी आला, या दोन गोष्टी प्रत्येक गल्लीत जुळवून बघाव्या लागल्या. काही कारीगर गावी गेलेले, त्यांचे नंबर मिळवून फोन लावले. कोन गावात राहणारा एक मिस्त्री बरेच कारखाने फिरलेला होता. त्यानं एका दुपारी बसून आमच्या तारखा दुरुस्त करून दिल्या. शेवटी नवीन कामाचा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान झाला. टिकलेल्या कामाचा त्याहून मोठा निघाला. सरकलेलाही होता, आणि तो आम्ही लपवला नाही. तक्ता आता आधीसारखा देखणा नव्हता. शास्त्रज्ञाला मी स्वतः फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "टिकलेलं काम... हे आम्हाला कधी सुचलंच नसतं हो." आणि मग, "ठीक आहे, मॅडम. जे आहे ते आहे."

बैठकीच्या दिवशी मी आणि माझी जोडीदारीण सकाळीच मुंबईला निघालो. खोलीत लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, सात-आठ माणसं. अध्यक्षस्थानी एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, चष्मा नाकावर घसरलेला. आधीचा मसुदा त्यांच्यासमोर होता, आणि त्यावर पेन्सिलीनं ठिकठिकाणी खुणा केलेल्या होत्या. मी बोलायला उभी राहिले. मी तोंड उघडण्याआधीच त्या म्हणाल्या, "एक मिनिट. जुना मसुदा मागे घेतल्याचं कळलंय मला. पण तो वाचताना एक प्रश्न पडला होता, तो आधी विचारते. हे सगळे चालू कारखाने आहेत. बंद पडलेल्यांचं काय?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. तीन आठवड्यांपूर्वी हा प्रश्न आला असता तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्या खोलीत उभीच राहू शकले नसते, आणि तो डबाही माझ्याबरोबर खाली बसला असता.

"तेच सांगायला आलेय, मॅडम," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, इतका तो स्थिर होता.

मी सगळं सांगितलं. ओट्यावर जेवत बसलेला कारीगर, गल्लीपलीकडचा गाळा, आमची चूक, चहावाले, शेलारचे शेठ, तीन रकाने. मधे एका अधिकाऱ्यानं विचारलं, टिकलेलं काम तुम्ही मोजता, पण ती माणसं दुसरीकडे कुठे लागली असती तर? मी म्हटलं, काही लागलीही असती, गोदामात. आम्ही त्यांना विचारलंय, उत्तरं मागच्या पानांवर आहेत, आणि याहून जास्त मला माहीत नाही. "मला माहीत नाही" हे चारचौघांत म्हणताना लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही.

बाईंनी चष्मा वर सरकवला. "पुढच्या वेळी मोजणी आधीपासून सुरू करा," त्या म्हणाल्या. "डबा बसवायच्या आधी. आणि बंद कारखाने यादीत घ्या, पहिल्या दिवसापासून." मग प्रयोगशाळेच्या फायलीकडे वळल्या आणि एक वर्षाची मुदत मंजूर करण्याबद्दल बाकीच्यांशी बोलायला लागल्या. दोन नाही, एक वर्ष. तेही अटींसकट: डबे बसवताना छोट्या, लूम बंद ठेवलेल्या कारखान्यांना आधी द्यायचे. शास्त्रज्ञ मागच्या रांगेत बसला होता. त्यानं मान खाली घातली आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसला.

बाहेर आल्यावर सर मला एवढंच म्हणाले, "चल, चहा घेऊ." टपरीवर त्यांनी आमच्या दोघींच्या पिशव्या स्वतःच्या हातात धरून ठेवल्या होत्या, आणि आम्ही निघेपर्यंत खाली ठेवल्या नाहीत.

परतताना ठाण्याहून शेअर टॅक्सी केली. भिवंडीच्या वाटेवर काशेळीच्या पुढे कंटेनरची रांग लागली होती आणि गाड्या हलत नव्हत्या. एरवी मी तिथे चिडचिड केली असती. माझ्या जोडीदारणीला आईचा फोन आला. "हाँ अम्मी, हो गया। अच्छा हुआ। नहीं, डाँटा नहीं किसी ने," ती हळू आवाजात सांगत होती. फोन ठेवून ती मागे रेलली आणि दोन मिनिटांत झोपून गेली, ओढणी तोंडावर घेऊन.

मला भूक लागली होती. साधी, सरळ, पोटातली भूक, कित्येक दिवसांनी. पिशवीत सकाळचा पोळी-भाजीचा डबा तसाच होता. मी तो मांडीवर उघडला. पोळ्या गार आणि जरा वातड झाल्या होत्या, बटाट्याची भाजी सुकली होती. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि म्हणाला, "खा ताई आरामात, अजून तासभर तरी काय सुटत नाय हे."

मी आरामात खाल्लं.